पांढरा जागेवर ठेवायचा : एलईडी प्रोजेक्टरच्या रंगदुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

१ एप्रिल २०२५, मंगळवार

काम का हाती घेतलं ते आधी लिहून ठेवतो. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम ग्रॅम स्टेनच्या स्लाइड छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर दाखवतात. क्रिस्टल व्हायोलेट धरून ठेवणारे जीवाणू जांभळे दिसतात. अल्कोहोलने ज्यांचा तो रंग निघून जातो, ते नंतरच्या सॅफ्रानिनमुळे गुलाबी होतात. सगळी ओळख या दोन रंगांवर. मॅडमची तक्रार अशी, की तासाच्या सुरुवातीला स्वच्छ गुलाबी दिसणारे ई. कोलाय तास संपेपर्यंत जांभळटाकडे झुकतात. "सर, मागच्या बाकावरच्या मुलांनी त्यांना पॉझिटिव्ह लिहिलं, आणि मला त्यांचे मार्क कापायची लाज वाटली," असं त्या म्हणाल्या. प्रोजेक्टर तोच, स्लाइड तीच, लॅपटॉपही तोच.

कारण मोघमपणे माहीत आहे. एलईडी प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे दिवे असतात आणि ते एकाच द्रव्याचे नसतात. हिरवा आणि निळा इंडियम गॅलियम नायट्राइडचे, लाल ॲल्युमिनियम इंडियम गॅलियम फॉस्फाइडचा. तापल्यावर लाल इतर दोघांच्या मानाने फारच लवकर ढेपाळतो. तीन दिव्यांच्या बेरजेतून पांढरा होत असल्याने एक खाली गेला की पांढऱ्याची जागा हलते आणि त्याच्यासोबत पडद्यावरचा प्रत्येक रंग हलतो.

आज मोजमाप नाही, फक्त कागदावरचा हिशेब. एचडी व्हिडिओच्या रेक ७०९ या प्रमाणातले प्राथमिक रंग (लाल, हिरवा, निळा) आणि डी६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण पांढरा, धरला. पांढऱ्याच्या उजेडात लालचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२, निळ्याचा ०.०७२२. आता लाल १० टक्क्यांनी कमी करू. एकूण उजेड किती घटला? जेमतेम २ टक्के, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण रंगांच्या नकाशावर पांढऱ्याचा एक्स ०.३१२७ वरून ०.३०५६ वर सरकतो (वाय जवळपास जागेवरच राहतो). १९७६ च्या यू-व्ही आकृतीवर (नजरेला जाणवणाऱ्या फरकाच्या बेताने आखलेला रंगनकाशा) हे अंतर ०.००५ भरतं. शेजारी तुलनेला चांगला पांढरा असेल तर एवढा फरक सहज दिसतो.

म्हणून फक्त उजेड मोजणाऱ्या कुठल्याही उपकरणाने हा दोष पकडता येणार नाही. मॅडमच्या डोळ्यांनी मात्र तो पकडला.

४ एप्रिल, शुक्रवार

शेवटच्या वर्षाची एक मुलगी आणि एक मुलगा सोबत आहेत. ती फर्मवेअर लिहिणार, तो यांत्रिक भाग आणि सोल्डरिंग बघणार. परीक्षा मे महिन्यात, म्हणून त्यांचं काम त्याआधी उरकायचं.

विकत मिळणाऱ्या प्रोजेक्टरच्या आत शिरणं कठीण, म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा डीएलपी ३०१० चा इव्हॅल्युएशन बोर्ड, म्हणजे चाचणीसाठीचा उघडा बोर्ड, घेतला आहे. डीएलपी म्हणजे सूक्ष्म आरसे हलवून चित्र उभं करण्याचं तंत्र. ०.३ इंचाची आरशांची चिप, १२८० बाय ७२०. कंट्रोलर डीएलपीसी ३४३३, एलईडी चालवणारी चिप डीएलपीए ३०००. तिन्ही एलईडींचे करंट आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरून १० बिटांत, म्हणजे ० ते १०२३ मध्ये, वेगवेगळे ठरवता येतात. आम्हाला एवढीच खिडकी हवी आहे. अंधाऱ्या प्रयोगशाळेत टेबलाभोवती बसलेल्या गटासाठी याचा उजेड पुरतो.

किरकोळ सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं. बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, ऑप-अँप, लेव्हल शिफ्टर, पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड. टीसीएस३४७२५ रंगसेन्सर आधीच खणात होता.

९ एप्रिल, बुधवार

दुरुस्ती काहीही न करता नुसतं तापू देऊन मोजलं. पडद्याकडे तोंड करून कलरिमीटर (रंग मोजणारं उपकरण), त्याचे आकडे वाचायला आर्गिल सीएमएस या सॉफ्टवेअरचं स्पॉटरीड, खिडक्यांना काळा कागद. एलईडीचे पट्टे अरुंद असतात आणि कलरिमीटरचे फिल्टर डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून भौतिकशास्त्र विभागाच्या स्पेक्ट्रोमीटरवर आधी दुरुस्तीची मॅट्रिक्स, म्हणजे आकडे सुधारायचा गुणकांचा तक्ता, बनवून घेतली. आर्गिलमध्ये त्याची सोय आहे. हे न करता पुढचे आकडे घेतले असते, तर सगळा प्रकल्प उसन्या डोळ्यांवर उभा राहिला असता.

सुरुवातीला आलेख वेडावाकडा आला. पांढरी स्लाइड असताना एक उतार, गडद स्लाइड लावली की दुसरा, मध्येच उडी. तिने डेटाशीट काढून बोट ठेवलं : कंटेंट ॲडॅप्टिव्ह इल्युमिनेशन कंट्रोल. या कंट्रोलरमध्ये चित्र पाहून प्रत्येक फ्रेमला एलईडींचा उजेड वर-खाली करणारी सोय आहे. चित्रात लाल कमी असेल तर लाल दिवाच मंद करायचा आणि वाचलेली वीज दुसरीकडे द्यायची. बॅटरीवर चालणाऱ्या खिशातल्या प्रोजेक्टरसाठी ती उत्तम आहे. आमच्यासाठी नाही. आम्ही सेन्सरने एलईडीचा करंट धरू पाहणार आणि तोच करंट दुसरं कुणीतरी चित्र बघून हलवणार, असे दोन सारथी एका रथाला चालत नाहीत. बंद केली.

बंद केल्यावर आलेख गुळगुळीत झाला. एक जास्तीचा फायदाही दिसला. ही सोय नसताना एलईडी चित्राकडे न बघता सारखाच पेटतो, काळं दाखवायचं काम आरसे उजेड बाजूला फेकून करतात. त्यामुळे दिव्याचं तापणं चित्रावर अवलंबून राहत नाही. प्रश्न पंखा, खोलीची हवा आणि वेळ एवढ्यावर आला.

११ एप्रिल, शुक्रवार

टीसीएस३४७२५ लावून पाहिला. पडद्यावरून परत येणारा उजेड तो बघतो. स्वस्त आहे, चालवायला सोपा आहे, आणि इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर त्याच्या अंगावरच आहे.

अडचण वेळेची. डीएलपीमध्ये तिन्ही रंग एकाच वेळी नसतात, एकामागून एक येतात. एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. सेन्सरचा मोजणीकाळ २.४ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी ठरतो. ७ पायऱ्या घेतल्या तर १६.८ मिलिसेकंद, म्हणजे फ्रेमपेक्षा किंचित जास्त. तो जास्तीचा तुकडा दर मोजणीला वेगळ्या रंगावर पडतो आणि आकडे संथ लाटेसारखे वर-खाली होतात. लाट खरी नसते, पण नियंत्रण-चक्र तिच्यामागे धावायला लागतं.

तिने फळ्यावर भागाकार मांडला. २.४ ची किती पट केली म्हणजे १६.६७ ने नि:शेष भाग जाईल? उत्तर १२५ पायऱ्या. बरोबर ३०० मिलिसेकंद, बरोबर १८ फ्रेम. रजिस्टरमध्ये २५६ वजा १२५, म्हणजे १३१. तो आकडा टाकल्याबरोबर लाट जवळपास सपाट झाली. सेन्सरचं आतलं घड्याळ अगदी काटेकोर नसतं, पण १८ फ्रेमच्या बेरजेत उरलेला तुकडा नगण्य होतो. ३०० हा आकडा आणखी एका कारणाने सोयीचा आहे. आपल्याकडच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी. ३०० मध्ये तेही पूर्ण बसतं. पुढे सेन्सर कुठलाही आला तरी सरासरी ३०० मिलिसेकंदांचीच घ्यायची, हे ठरलं.

या सेन्सरची खरी अडचण जागेची आहे. पडद्याकडून तो जे बघतो त्यात चित्र मिसळलेलं असतं. गुलाबी स्लाइड आली की त्याला वाटतं लाल वाढला. दुरुस्तीसाठी दर वेळी पांढरी चौकट दाखवणं वर्गात शक्य नाही. सेन्सर चित्र तयार होण्याआधीच्या उजेडात बसला पाहिजे, म्हणजे आरशांच्या चिपच्या अलीकडे.

१६ एप्रिल, बुधवार

जागा सापडली. तिन्ही रंग एकत्र आणणाऱ्या डायक्रोइक काचा पूर्ण परावर्तन करत नाहीत, थोडा उजेड मागे पाझरतो. एकत्र झालेल्या उजेडाच्या वाटेवरच्या काचेमागे त्याने घराला बारीक भोक पाडलं. पाझर फार थोडा, पण सेन्सरला पुरेसा. आरशांनी फेकून दिलेला उजेड जिथे जिरवतात तीही एक सोपी जागा होती, पण तिथे चित्राचं उलटं चित्रच सापडणार, म्हणून ती सोडली.

पाझर तिन्ही रंगांचा सारखा नाही. काचेचा स्वभावच रंगानुसार वेगळा वागण्याचा असल्याने ते अपेक्षित होतं. तेव्हा सेन्सरचे आकडे आणि पडद्यावरचे आकडे यांचं नातं प्रत्येक नगासाठी एकदा बांधून घ्यावं लागेल.

२१ एप्रिल, सोमवार

आता फोटोडायोड. रंग एकामागून एक येतात ही गोष्ट टीसीएसला अडचणीची होती, इथे तिचा उपयोग झाला. एका क्षणी एकच दिवा पेटलेला असेल, तर रंग ओळखायला फिल्टर कशाला? कुठला दिवा चालू आहे एवढं कळलं तरी पुरे. कंट्रोलरच्या दोन तारा तेच सांगतात : दोन्ही शून्य तर अंधार, ०१ लाल, १० हिरवा, ११ निळा. त्याने भिंगाखाली त्या तारा उचलल्या. त्यांचा व्होल्टेज १.८, पिकोचा ३.३, म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर. पिकोचा १२ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) त्या इशाऱ्यावर नमुने घेतो आणि चार डब्यांत टाकतो. चौथा डबा अंधाराचा. तो इतर तिघांतून वजा केला की बाहेरून आत शिरलेला उजेड निघून जातो.

सिलिकॉन निळ्याला कमी दाद देतं, म्हणून निळ्याचा आकडा छोटा येतो, पण स्थिर येतो. एका साध्या फोटोडायोडवर तिन्ही रंग वेगवेगळे वाचता आले याचा आज सगळ्यांनाच आनंद झाला. मामा चहा घेऊन आले होते, त्यांनाही स्कोपवरच्या तीन पायऱ्या दाखवल्या.

२४ एप्रिल, गुरुवार

आजची नोंद लांब होणार आहे, कारण प्रकल्पाची गाठ इथे आहे.

थंड अवस्थेपासून पूर्ण तापेपर्यंत फोटोडायोड आणि पडद्यावरचा कलरिमीटर दोन्ही एकदम चालू ठेवले. लाल एलईडीच्या हीटसिंकचं तापमान २९ वरून ६१ अंशांवर गेलं. हिरवा आणि निळा त्या मानाने फारसे हलले नाहीत आणि त्यांच्या बाबतीत दोन्ही उपकरणांचं एकमत होतं. लालच्या बाबतीत नव्हतं. फोटोडायोड म्हणतो लाल ११ टक्के घटला. कलरिमीटर म्हणतो २१ टक्के.

त्याला वाटलं भोकापाशी काहीतरी हललं. थंड होऊ देऊन पुन्हा घेतलं, तेच आलं. मग स्पेक्ट्रोमीटर लावला आणि उलगडा झाला. लाल पट्ट्याचं शिखर थंड असताना ६२३ नॅनोमीटरवर होतं, तापल्यावर ६२६ च्या जरा पुढे. लाल एलईडीचं शिखर अंशामागे साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतं, ते माहीतच होतं. तीन नॅनोमीटरने काय मोठं बिघडणार, असं वाटू शकतं.

पण डोळा त्या ठिकाणी कड्यावर उभा आहे. १९२४ पासून प्रमाण मानलेल्या डोळ्याच्या संवेदनेच्या वक्रात ६२० ला किंमत ०.३८१ आहे, ६३० ला ०.२६५, ६४० ला ०.१७५. म्हणजे दर नॅनोमीटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घसरण. तीन-सव्वातीन नॅनोमीटर सरकल्यावर, दिव्यातून बाहेर पडणारी ऊर्जा तेवढीच राहिली तरी, डोळ्याला लाल ११ टक्के कमी भासणार. ऊर्जाही ११ टक्के घटली. ०.८९ गुणिले ०.८९ म्हणजे ०.७९. कलरिमीटरचे २१ टक्के बरोबर सापडले.

फोटोडायोडला यातलं अर्धंच कळतं. सिलिकॉनचा वक्र त्या भागात उलट किंचित चढता आहे. तो ऊर्जा मोजतो, डोळा काय बघेल ते मोजत नाही. त्याच्या भरवशावर दुरुस्ती केली तर अर्धा दोष तसाच राहील, आणि दुरुस्ती करणारं यंत्र मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत राहील. वर्गातल्या मुलांना चुकीचा रंग दाखवणं वाईट, पण दुरुस्त केला असं सांगून चुकीचा दाखवणं त्याहून वाईट.

तिने विचारलं, "सर, मग हीटसिंकला थर्मिस्टर लावून तक्ता का नाही बनवायचा? एवढ्या तापमानाला एवढी दुरुस्ती." प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तसं करतातही. पण तक्ता आजच्या दिव्याचा असेल. एलईडी वयाने मंदावतात, तिन्ही एका वेगाने नाहीत. शिवाय दुरुस्तीसाठी हिरव्याचा करंट बदलला की हिरवा स्वतःही जागेवर राहत नाही. करंट कमी झाला की त्याची कार्यक्षमता वाढते, त्यामुळे उजेड अपेक्षेइतका उतरत नाही आणि तरंगलांबीही किंचित लांब होते. इतक्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असताना परिणाम बघूनच हात चालवायला हवा.

२८ एप्रिल, सोमवार

डोळ्यासारखा बघणारा सेन्सर हवा. एएस७३२११ मागवला. यात तीन फिल्टर आहेत आणि ते सीआयई १९३१ च्या एक्स, वाय, झेड वक्रांच्या, म्हणजे डोळ्याच्या रंगसंवेदनेच्या प्रमाण वक्रांच्या, बेताने बनवलेले. आमच्या कामाची दुसरी गोष्ट म्हणजे त्याची सिंक पिन. मोजणी बाहेरच्या इशाऱ्याने सुरू आणि बंद करता येते. मग फोटोडायोडची युक्ती इथेही लागू होते : फक्त लाल पेटलेला असताना एक्स, वाय, झेड, मग फक्त हिरव्याचे, मग निळ्याचे.

तीन गुणिले तीन, नऊ आकडे. प्रोजेक्टरचे या क्षणीचे प्राथमिक रंग कुठे आहेत याचा हाच संपूर्ण हिशेब. लाल मंदावला तर त्याचे तिन्ही आकडे सारख्या प्रमाणात उतरतात. लाल सरकला तर आपसांतलं प्रमाण बदलतं. फोटोडायोडला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या.

६ मे, मंगळवार

सेन्सर आला, बसवला. हे फिल्टर व्यतिकरणाच्या तत्त्वावरचे आहेत. उजेड तिरका आला की त्यांचा पट्टा आखूड तरंगलांबीकडे सरकतो. भोकातून येणारा पाझर कुठल्या कोनांतून येतो याची खात्री नाही, म्हणून सेन्सरपुढे टेफ्लॉनची पातळ चकती लावली. उजेड बराच खाल्ला गेला, पण कोनाची भानगड संपली. सेन्सरची संवेदना पुष्कळ असल्याने ते परवडतं.

सेन्सर आणि पडदा यांच्यातलं नातं बांधायला थंड आणि गरम दोन्ही अवस्थांतले आकडे घेतले, एकाच अवस्थेचे घेतले नाहीत. मग तापमानाच्या मधल्या टप्प्यांवर पडताळलं. लालच्या बाबतीत आता सेन्सर आणि कलरिमीटर एकमेकांचा हात सोडत नाहीत.

मुलांची परीक्षा जवळ आली. त्यांना सुटी. तिने जाण्याआधी कोडमध्ये प्रत्येक ओळीला टीप लिहून ठेवली आहे, त्यामुळे पुढचं सोपं जाईल.

१३ मे, मंगळवार

नियंत्रण कसं करायचं ते ठरवायचं होतं. पहिलं मनात येतं ते असं : लाल कमी झाला, लालचा करंट वाढवा. तसं करून त्याचा पल्ला मोजला. करंट १० टक्के वाढवला. पहिल्या क्षणी लाल वर आला. मग हीटसिंक चढायला लागला, लाल पुन्हा उतरायला लागला, आणि वीसेक मिनिटांनी मिळवलेल्यातलं बरंचसं गेलेलं होतं. शिवाय शिखर आणखी पुढे सरकलं. आणखी करंट द्या, आणखी तापेल. या वाटेला शेवट नाही, असलाच तर दिवा जळण्यात आहे.

म्हणून उलट वाट घेतली. तानपुऱ्याची एक तार उतरली आणि ती वर चढतच नसेल, तर बाकीच्या तिच्याशी जुळवून घेतात. पट्टी खाली जाते, पण सूर लागलेला राहतो. लाल जितका आहे तितका मान्य करायचा आणि हिरवा-निळा त्याच्या मापाने खाली आणायचे.

गणित साधं आहे. नऊ आकड्यांच्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढायचा, त्याला डी६५ ने गुणायचं, तीन गुणक मिळतात. त्यातल्या सर्वांत मोठ्याने तिघांना भागायचं. म्हणजे सर्वांत अशक्त दिवा पूर्ण ताकदीवर आणि बाकीचे त्याच्या खाली, कुणालाही कुवतीबाहेर मागणं नाही. बहुतेक वेळा अशक्त लालच असतो, पण उद्या जुन्या नगात हिरवा असला तरी तीच ओळ चालेल.

किंमत उजेडात मोजावी लागते, आणि ती लपवायची नाही. पहिल्या दिवशीच्या हिशेबात लाल १० टक्के घटला तर उजेड फक्त २ टक्के घटत होता. आता रंग राखायचा म्हणून उजेडही पूर्ण १० टक्के सोडावा लागतो. आमच्या दिव्यात तापल्यावर २१ टक्के. माझ्या मते हा सौदा योग्य आहे. डोळा उजेडाला काही मिनिटांत सरावतो. गुलाबीचं जांभळं झालं तर सरावून ते दुरुस्त होत नाही, उलट चुकीचंच पक्कं होतं.

१६ मे, शुक्रवार

दुरुस्ती चित्रातच का करत नाही, असं एका सहकाऱ्याने विचारलं. प्रत्येक पिक्सेलचा हिरवा-निळा गणिताने कमी केला की झालं, सेन्सरसुद्धा तोच. होतं, पण दोन तोटे आहेत. २५६ पायऱ्यांतल्या काही पायऱ्या त्यात वाया जातात आणि मंद छटांत पट्टे दिसू लागतात. दुसरं म्हणजे दिवा तेवढाच पेटत राहतो, त्यामुळे काळा जिथे होता तिथेच राहतो आणि पांढरा खाली येतो, कॉन्ट्रास्ट जातो. एलईडीचाच करंट उतरवला तर पांढरा आणि काळा सोबत उतरतात आणि हीटसिंकही थोडा निवतो.

एक गोष्ट मात्र चित्रातच करावी लागेल. लाल स्वतःच जागेवरून सरकला आहे, ते करंटने दुरुस्त होत नाही. पांढरा बरोबर आला तरी शुद्ध लाल किंचित गडद तांबड्याकडे गेलेला असतो. तिथे मॅट्रिक्सने थोडा हिरवा मिसळून मूळ लालशी जुळवायचा. आकडा लहान आहे. आधी करंटचं चक्र पक्कं होऊ दे.

२१ मे, बुधवार

चक्र चालू झालं. दर ३०० मिलिसेकंदांनी नऊ आकडे, गुणक, नवे करंट. पण एका फेरीत करंट रजिस्टरच्या एकाच पायरीने हलवायचा. रजिस्टर ४०० च्या आसपास असेल तर एक पायरी म्हणजे पाव टक्का. हिरव्याच्या पाव टक्क्याने पांढरा यू-व्ही आकृतीवर ०.०००२ सुद्धा हलत नाही. कितीही टक लावून बघा, दुरुस्ती होताना दिसत नाही. इथे घाई करण्याचं कारणच नाही. दिवा मिनिटांच्या हिशेबाने तापतो.

फक्त सुरू झाल्यानंतरचे काही सेकंद वेगळे आहेत. तेव्हा चिप स्वतः झपाट्याने तापते, हीटसिंकच्या कितीतरी आधी. त्या वेळेपुरती पायरी मोठी ठेवली आणि पडद्यावर तोवर बोर्डाचं सुरुवातीचं चित्र राहू दिलं.

अगदी लहान फरकांना उत्तर द्यायचं नाही, असा पट्टाही ठेवला. नाहीतर रजिस्टर दोन आकड्यांमध्ये उगाच येरझाऱ्या घालतं.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबई-पुण्यात पोचला, इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. शेतीसाठी काय ते शेतकऱ्यांना ठाऊक, आमच्या प्रयोगशाळेचं तापमान मात्र एकदम उतरलं. एप्रिलच्या उन्हाळ्यात घेतलेल्या आकड्यांशी तुलना करायची तर तशी हवा हवी. मामांनी फ्रिजचा मोठा खोका आणून दिला, त्यात एका कोपऱ्यात १०० वॅटचा पिवळा बल्ब, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. खोक्यात ४० अंश टिकतात.

बल्बचा उजेड फटींतून सेन्सरवर पोचत होता. अंधाराच्या डब्याची वजाबाकी इथे उपयोगी पडली, पण नुसती वजाबाकी पुरली नसती : बल्ब १०० हर्ट्झने लुकलुकतो आणि अंधाराची फट व लालची फट वेगवेगळ्या क्षणी येतात. ३०० मिलिसेकंदांच्या सरासरीत तो फरक विरून जातो. एप्रिलमधला तो भागाकार पुन्हा कामाला आला.

खोक्यात ४० अंश, पंखा मुद्दाम अर्ध्या वेगाने. दुरुस्ती बंद असताना पांढरा स्पष्ट निळसर-हिरवट मारू लागला. दुरुस्ती चालू केली, तो परत आला आणि तिथेच राहिला. कलरिमीटरवर यू-व्ही अंतर पूर्ण तापेपर्यंत ०.००१ च्या आसपास. एवढा फरक शेजारी शेजारी ठेवूनही नजरेला कळणं अवघड.

१२ जून, गुरुवार

मॅडमना बोलावलं. ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस एकत्र असलेली त्यांचीच स्लाइड, बोर्ड तासभर तापलेला. एका बटणावर दुरुस्ती चालू-बंद करता येते. बंद असताना त्या काही बोलल्या नाहीत. चालू केल्यावर पुढे वाकून म्हणाल्या, "हा सॅफ्रानिन. हाच." मग मायक्रोस्कोपमधून बघून पुन्हा पडद्याकडे बघितलं.

त्यांचा एक आक्षेपही आहे, आणि तो मी जसाच्या तसा नोंदवतो. दुपारच्या बॅचला खोली पुरती अंधारत नाही, तिथे गेलेला पाचवा हिस्सा उजेड जाणवतो. कडेच्या पेशी ओळखू येत नाहीत. "रंग बरोबर आणि पेशीच दिसत नाही, असं नको," त्या म्हणाल्या.

यावर दोन गोष्टी करणार. एक म्हणजे लालसाठी मोठा हीटसिंक आणि स्वतंत्र हवेची वाट. लाल जितका कमी तापेल तितकं कमी सोडावं लागेल, तेव्हा उजेड परत मिळवायची खरी जागा तिथेच आहे. दुसरं, बटणाला तिसरी अवस्था : पांढरा डी६५ वर न धरता दिवा सुरू होतानाच्या जागेपासून ठरावीक अंतरापर्यंत सरकू द्यायचा आणि तिथे रोखायचा. किती सरकू द्यायचा तो आकडा मॅडम ठरवतील, त्यांच्या मुलांना गुलाबी-जांभळं ओळखता येईल अशा बेताने.

२३ जून, सोमवार

परीक्षा संपवून दोघंही आज परत आले. त्याने लालच्या हीटसिंकसाठी तांब्याची पट्टी कापली आहे, उद्या बसवतो. ती पिक्सेलच्या मॅट्रिक्सवर बसली आहे, शुद्ध लालच्या दुरुस्तीसाठी.

दुसरा बोर्डही आला. त्याच्या पाझराचे आकडे पहिल्यापेक्षा बरेच वेगळे आहेत, निळ्याचे विशेष. भोकाची जागा किंचित इकडेतिकडे झाली तरी काचेमागचा कोन बदलतो, म्हणून भोक पाडायला आता पितळेचा साचा करून घ्यायचा. तो होईपर्यंत दुसऱ्या बोर्डाचं थंड-गरम नातं बांधणं थांबवलं आहे. सेन्सरपुढची टेफ्लॉनची चकती वर्षभराच्या उजेडाने पिवळी पडते का, ते बघायला एक चकती निळ्या एलईडीसमोर आजपासून कायमची ठेवली आहे आणि तिच्या जोडीची एक अंधारात, पाकिटावर तारीख घालून.